कैरोचा तर्जुमान आणि त्याचे वारस

कैरोत परक्या पाहुण्यांची नियमित वर्दळ सुरू झाली ती मुंबईच्या टपालामुळे. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघाली आणि साधारण महिनाभराने सुएझला लागली. आफ्रिकेला वळसा घालून विलायत गाठायला तेव्हा चार-चार महिने जात. त्यापेक्षा सुएझला उतरावे, वाळवंट ओलांडून कैरो गाठावे, तिथून नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला जाऊन भूमध्य समुद्रातली बोट पकडावी, हा रस्ता कितीतरी जवळचा होता. टॉमस वॅगहॉर्न या खटपट्या इंग्रजाने १८३० च्या दशकात या वाटेवर टपालाची आणि उतारूंची व्यवस्था लावली. पुढच्या दशकात पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी सुरू झाल्या. ईस्ट इंडिया कंपनी सरकारचे अंमलदार, त्यांचे कुटुंबकबिले, रजेवर निघालेले लष्करी अधिकारी कैरोत एक-दोन रात्री काढू लागले. त्यांना भाषा येत नव्हती, नाणी ओळखता येत नव्हती, बोट चुकण्याची धास्ती होती आणि खिसा जड होता. गंडवण्याच्या धंद्याला जे भांडवल लागते ते सगळे गिऱ्हाइकाने बरोबरच आणले होते.

या पाहुण्याच्या आणि शहराच्या मध्ये जो उभा राहिला तो तर्जुमान. अरबीत या शब्दाचा अर्थ दुभाष्या. मराठीतला ‘तर्जुमा’ त्याच घराण्यातला. युरोपीय जिभांवर त्याचे ‘ड्रॅगोमन’ झाले. ऑटोमन दरबारात परकीय वकिलांचे बोलणे वरपर्यंत पोचवणाऱ्याचा हा मानाचा हुद्दा होता. कैरोतल्या हॉटेलांच्या पायऱ्यांवर मात्र तर्जुमान हाच दुभाष्या, वाटाड्या, मुकादम आणि खजिनदार. रोजची एक रक्कम ठरवून तो पाहुण्याचे खाणेपिणे, गाढवे, तंबू, नाईलवरची ‘दहबिया’ नाव आणि तिचे खलाशी यांची सोय करी. त्या रकमेतून वाचेल ते त्याचे. त्यामुळे पाहुण्याच्या ताटातली प्रत्येक कोंबडी त्याच्या नफ्यातून वजा होई, आणि ती दिवसेंदिवस लहान होत जाई, यात नवल नाही.

प्रवाशांना सावध करणारी पुस्तके याच व्यवहारातून वाढली. लंडनच्या मरे प्रकाशनाने १८४७ मध्ये इजिप्तची प्रवासी मार्गदर्शिका काढली. तिचा लेखक जॉन गार्डनर विल्किन्सन हा प्राचीन इजिप्तचा मोठा अभ्यासक, पण व्यवहारात पक्का. नाव भाड्याने घेण्याआधी ती नदीत बुडवून घ्यावी, म्हणजे उंदीर आणि किडे मरतात, इतक्या बारकाव्यापर्यंत त्याचा सल्ला गेलेला आहे. १८७७ मध्ये बेडेकरची मार्गदर्शिका आली. (आडनाव मराठी वाटले तरी प्रकाशक जर्मन, लोणच्याशी त्याचा संबंध नाही.) तर्जुमानाशी करायच्या कराराचा नमुनाच तिने छापला. करार लेखी असावा, आपल्या वकिलातीत व्हावा, कोणकोणता खर्च त्यात धरलेला आहे ते एकेक लिहावे, असा त्याचा रोख. आज कैरोत दिवसभराची गाडी ठरवणाऱ्याला जाणकार जे सांगतात ते याहून फारसे वेगळे नाही: किती ठिकाणे, किती तास, पार्किंग आणि तिकिटे धरून की सोडून, आणि एकूण आकडा कोणत्या चलनात, हे निघण्यापूर्वी ठरवावे आणि पैसे परतल्यावर द्यावेत.

कराराचा कागद नावेत चाले, बाजारात चालत नसे. खान अल-खलिली हा कैरोचा जुना बाजार चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका मामलुक अमिराने बांधलेल्या सराईभोवती वाढला. इंग्रज अभ्यासक एडवर्ड लेन याच्या १८३६ च्या ग्रंथात या बाजाराचे बारकाईने वर्णन आहे. हातात माल घेऊन, भाव पुकारत गल्लीभर फिरणारे ‘दलाल’ तिथे आठवड्यातून दोन दिवस लिलाव करत. दलाल आणि हर्रास हे दोन्ही शब्द मराठीत आले ते याच अरबी बाजारभाषेतून. हा दलाल उघड माणूस होता. त्याची दलाली विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. तर्जुमानाची दलाली मात्र अदृश्य. तो पाहुण्याला दुकानात घेऊन येई, दुकानदाराशी मोठ्याने वाद घालून भाव ‘उतरवी’, आणि संध्याकाळी एकटा परत येऊन आपला हिस्सा घेऊन जाई. तो हिस्सा आधीच किमतीत चढवलेला असे. बेडेकरनेही खरेदीला असा माणूस बरोबर नेऊ नये असे बजावले होते. आजही गाईडने किंवा टॅक्सीवाल्याने दाखवलेल्या दुकानात किमतीचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. उपायही जुनाच आहे: पहिल्या दिवशी एकट्याने फिरून तीन-चार दुकानांत नुसता भाव विचारावा, दुसऱ्या दिवशी घ्यावे.

बक्षीस या शब्दाची गोष्ट याहून नाजूक आहे. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत खूश झालेल्याने आपणहून द्यायच्या वस्तूसाठी राहिला. कैरोत तो ‘बक्शीश’ होऊन रस्त्यावर आला आणि काम होण्याआधीच मागितला जाऊ लागला. सगळ्या बक्शीशीला फसवणूक म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. मशिदीत चपला सांभाळणारा, इमारतीचा ‘बव्वाब’ म्हणजे दरवान, सामान उचलणारा हमाल यांचा पगार इतका तुटपुंजा असतो की वरच्या चार पैशांवरच घर चालते, आणि कैरोचे रहिवासी स्वतःही ते देतात. खरी अडचण पुढे आहे. न मागितलेले काम आधी करून टाकायचे आणि मग त्याचे मोल मागायचे, हा प्रकार याच रिवाजाच्या आडोशाने फोफावला. थडग्यातला पहारेकरी बोटाने खूण करून ‘बंद’ कोनाड्यात नेतो. कोणी मनगटात माळ अडकवून ‘भेट आहे’ म्हणतो. कोणी पाहुण्याचे नाव चित्रलिपीत लिहून हातात ठेवतो. वस्तू हातात घेतली की व्यवहार सुरू झाला. म्हणून माहीतगार हात पाठीमागे ठेवतात आणि ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, आभारी आहे’, एवढे दोन शब्द चालता चालता म्हणतात. थांबून म्हटले तर त्यांचा अर्थ ‘बोला, ऐकतो’ असा होतो.

१८६९ हे वर्ष या इतिहासात मोठे. नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. त्या सोहळ्याच्या राजेशाही पाहुण्यांसाठी इजिप्तचा सत्ताधीश खेदिव इस्माइल याने कैरोपासून गिझाच्या पिरॅमिडपर्यंत गाडीरस्ता करून घेतला. त्याच वर्षी टॉमस कुक या इंग्रज सहल-संयोजकाने आपली पहिली सहल इजिप्तला आणली. कुकची कल्पना सरळ होती: प्रवास, हॉटेल, जेवण यांचे पैसे लंडनमध्येच घ्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या हाती कुपनांची वही द्यायची, म्हणजे वाटेत भाव करण्याचा प्रसंगच नको. पुढे नाईलवरच्या सरकारी आगबोटींची एजन्सीही कंपनीला मिळाली. तर्जुमानांचा नावेतला धंदा बसला. त्यांतले काही कुकच्या नोकरीत शिरले, बाकीचे दुकाने, गाढवे आणि पिरॅमिड यांच्याकडे वळले. हीच चाल या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. एक फट बुजवली की मधला माणूस दुसरी शोधतो.

पिरॅमिडच्या पायथ्याशी ती फट भलतीच रुंद होती. तिथल्या बेदुइन टोळीच्या शेखाकडे ठरलेली फी भरली की प्रत्येक पाहुण्यामागे दोन-तीन माणसे मिळत. दोघे वरून हात धरून ओढत, तिसरा खालून ढकले. कंबरेएवढ्या उंचीच्या शेकडो पायऱ्या अशा चढून झाल्या की अर्ध्या वाटेवर, जिथून परत फिरणेही कठीण, तिथे बक्शीशीची बोलणी सुरू होत. मार्क ट्वेन १८६७ मध्ये इथे वर चढला आणि दोन वर्षांनी आलेल्या आपल्या पुस्तकात या ओढाताणीवर त्याने मनसोक्त तोंडसुख घेतले. एका धावपटूला त्याने पैज लावून या पिरॅमिडवरून खाली, शेजारच्या पिरॅमिडवर आणि पुन्हा वर असे पळवलेही. पैसे कोणी कोणाचे उडवले, असा प्रश्न तिथे पडतो. चढाई आता कायद्याने बंद आहे, पण तिची युक्ती उंटाकडे गेली. बसलेल्या उंटावर ‘फक्त फोटोसाठी’ बसायला सांगतात. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो आणि खोगिराचा खुंट घट्ट धरतो. मग पुढचे पाय सरळ होतात आणि जमीन दोन मीटर खाली जाते. दोरी मालकाच्या हातात. चढण्याचा भाव ठरला होता, उतरण्याचा ठरलेला नव्हता, हे तेव्हा कळते. ‘वर, खाली, मुक्काम, बक्शीश, सगळे धरून’ असा एकच आकडा बसण्याआधी ठरवणे हाच यावर इलाज.

सगळ्याच लबाड्या इतक्या निर्दय नव्हत्या. १८४१ मध्ये सुरू झालेल्या शेफर्ड्स हॉटेलचा व्हरांडा हे जुन्या कैरोतले पाहुण्यांचे व्यासपीठ. समोरच्या रस्त्यावर गाढववाल्या पोरांची झुंबड असे. गिऱ्हाईक कोणत्या देशाचे हे ती लांबूनच ओळखत आणि त्याप्रमाणे गाढवाचे नाव बदलत. अमेरिकन दिसला की ‘यांकी डूडल’, जर्मन दिसला की तेच जनावर ‘बिस्मार्क’. पैसे भाड्याचेच जात, पण पाहुणा खूश होऊन दोन जास्त देई.

खरे कसब लागले ते नकली पुराणवस्तूंना. इजिप्तमधून प्राचीन वस्तू बाहेर नेण्यावर १८३५ मध्येच बंदीचे फर्मान निघाले, १८५८ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑगस्त मारिएतच्या हाताखाली पुरातत्त्व खाते उभे राहिले. तरी युरोपात मागणी वाढतच होती. परवानाधारक विक्रेते उघडपणे व्यापार करत आणि कैरोच्या सरकारी संग्रहालयातही विक्रीचे एक दालन होते. खरा माल पुरेना तेव्हा लक्सरजवळच्या कुर्ना गावातले कारागीर कामाला लागले. १८७३-७४ मध्ये नाईलप्रवास केलेली लेखिका अमेलिया एडवर्ड्स अशाच एका कारागिराच्या खोलीत चुकून शिरली. तिच्याच पुस्तकात नवे ‘स्कॅरॅब’ जुने करण्याची कृतीही आहे: भुंग्याच्या आकाराचे हे ताईत टर्की कोंबड्यांना गिळायला घालायचे, पोटातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्यावर हजारो वर्षांची कळा येते. त्याच लक्सरमध्ये ब्रिटनसह तीन देशांचा वाणिज्य प्रतिनिधी असलेला मुस्तफा आगा पुराणवस्तूंचा व्यापार करी आणि परकीय संरक्षणामुळे इजिप्तचे खाते त्याला हात लावू शकत नसे. १९१२ मध्ये तर नकली इजिप्शियन वस्तू या एकाच विषयावर लंडनमध्ये वेकलिंग याचे पुस्तक निघाले. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापारच बंद झाला आणि पाहुण्याचे काम सोपे झाले. कोणी कोपऱ्यात नेऊन, कागदात गुंडाळलेले काही हळूच उघडून ‘अस्सल’ म्हणाला, तर ते नकली असते किंवा ते घेणे गुन्हा असतो. पारखी डोळ्याची गरज उरत नाही.

याच काळात उलट दिशेने झालेल्या लुटीपुढे स्कॅरॅबवाला किरकोळ ठरतो. ऑटोमन काळातल्या करारांनी मिळालेल्या जुन्या सवलतींमुळे परकीयांना इजिप्तचे न्यायालय शिक्षा करू शकत नसे. युरोपीय सावकार आणि ठेकेदार यांनी खेदिवाला कर्जात असे बुडवले की १८७५ मध्ये त्याने कालव्यातले आपले शेअर सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले, आणि १८८२ मध्ये देशच ब्रिटनच्या ताब्यात गेला. त्या सवलती रद्द व्हायला १९३७ साल उजाडले. बेडेकरमध्ये या लुटीबद्दल सावधगिरीची सूचना नाही. ते पुस्तक तिला बळी पडणाऱ्यांसाठी लिहिलेलेच नव्हते.

२६ जानेवारी १९५२ च्या आगीत शेफर्ड्स जळाले आणि जुने उच्चभ्रू पर्यटन तिथेच संपले. १९७० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अर्थव्यवस्था खुली केली, बसच्या बस भरून सहली येऊ लागल्या आणि पाहुण्याला दुकानात नेण्याचे काम वेळापत्रकातच बसवले गेले. त्यासाठी माल हवा होता. तो पपायरसने पुरवला. गंमत म्हणजे ही वनस्पती तोवर इजिप्तमधून जवळजवळ नाहीशी झाली होती. हसन रगब हे अभियंता. चीनमध्ये राजदूत असताना त्यांनी हातकागद करणारी कुटुंबे पाहिली आणि आपल्याकडेही हे करावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी सुदानमधून रोपे आणली, विसरलेली कृती प्रयोगांनी पुन्हा बसवली आणि १९६८ मध्ये नाईलवरच्या एका हाउसबोटीत पपायरस संस्था सुरू केली. पुढे शर्किया प्रांतातले अल-करामुस हे गाव या कागदावरच जगू लागले. तिकोनी दांड्याची हिरवी साल काढायची, आतल्या गराच्या पातळ पट्ट्या पाण्यात मुरवायच्या, आडव्या-उभ्या रचून दाबायच्या. चिकटवायला त्यांचाच रस पुरतो.

रगब यांच्या संस्थेची कीर्ती झाली तशा गिझाच्या रस्त्यावर ‘इन्स्टिट्यूट’ अशा पाट्यांची दुकाने निघाली. तिथे मुलगी पट्ट्या पिळून दाखवते ती खऱ्या पपायरसच्या; भिंतीवर विकायला असते त्यात केळीच्या पानाचा किंवा उसाच्या चोथ्याचा कागदही असतो. ओळखायला कागद उजेडासमोर धरावा. खऱ्यात आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी आणि मधूनमधून काळसर ठिपके दिसतात, आणि गुंडाळला तरी तो तडकत नाही. चित्र हाताने काढलेले असल्याचे सांगितले, तर त्याच भिंतीवर तीच रेघ आणि तोच रंगाचा ओघळ असलेली आणखी चार चित्रे आहेत का ते पाहावे. अत्तराच्या ‘महाला’तही हेच नाटक चालते: नाजूक कुप्या, फुकटचा पुदिन्याचा चहा, मनगटावर कमळाचे ‘शुद्ध’ तेल. चहा प्यायल्यावर रिकाम्या हाताने उठायचा संकोच वाटावा, यासाठीच तो असतो. मराठी माणसाला हा संकोच जरा लवकरच होतो.

आजच्या तर्जुमानाला कैरोच्या बोलीत ‘खिर्ती’ म्हणतात. त्याच्या डोक्यावर पगडी नाही, हाती प्रशस्तिपत्रांचा गठ्ठा नाही, पण गप्पा उत्तम असतात. त्याची ठरलेली जागा म्हणजे तहरीर चौक आणि तलअत हर्ब रस्ता. रस्ता ओलांडायला बिचकणाऱ्या पाहुण्याला तो आधी मदत करतो, कुठल्या देशाचे विचारतो. भारत म्हटले की अमिताभ बच्चनचे नाव निघते. मग सहज कळवतो की चौकातले १९०२ पासूनचे गुलाबी पुराणवस्तू संग्रहालय आता नमाजासाठी, जेवणासाठी किंवा एखाद्या गटासाठी दोन वाजेपर्यंत बंद आहे. तोवर चुलत बहिणीच्या लग्नानिमित्त सवलत असलेले एक ‘सरकारी’ दुकान पाहता येईल. संग्रहालय समोरच उघडे असते. दाराशी जाऊन स्वतः पाहिल्याखेरीज ‘बंद आहे’ यावर विश्वास ठेवू नये, एवढे पथ्य पुरते.

पैशाच्या बाबतीत भारतीयाला एक जुनी ओळख उपयोगी पडते. इजिप्तमध्ये चालणाऱ्या आकड्यांना अरब ‘हिंदी’ आकडेच म्हणतात. पण त्यांतला पाच लहान गोळ्यासारखा, म्हणजे आपल्या शून्यासारखा दिसतो, शून्य हा नुसता ठिपका आणि सहा इंग्रजी सातासारखा. हे दहा आकडे विमानातच शिकून घेतले तर दुकानातली किंमत आणि टॅक्सीचा नंबर वाचता येतो. नोटांच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतातच. तरी ५० पाउंडांची नोट घेऊन, झटकन ५० पियास्त्रची नोट पुढे करून ‘हीच दिलीत’ म्हणण्याची चाल जुनी आहे. पियास्त्र हा पाउंडाचा शंभरावा भाग. नोट देताना रक्कम मोठ्याने बोलावी, ती याचसाठी. आणि ‘पन्नास’ म्हणजे इजिप्शियन पाउंड, ब्रिटिश नव्हेत, हेही आधीच वदवून घ्यावे. टॅक्सीतली भांडणे २००९ मध्ये मीटरच्या पांढऱ्या गाड्या आल्यावर आणि २०१४ पासून मोबाइलवर भाडे ठरू लागल्यावर बरीच कमी झाली.

गिझाला सरकारने २००८ मध्ये पठाराभोवती कुंपण आणि कॅमेरे लावले. पायथ्याच्या नझलत अल-सम्मान गावातल्या उंट-घोडेवाल्यांच्या पोटावर ते आले. २०११ च्या जानेवारीत क्रांती सुरू झाली, पाहुणे देश सोडून गेले, आणि २ फेब्रुवारीला याच गावातले स्वार तहरीर चौकातल्या निदर्शकांवर चालून गेले. त्यांना कोणी पाठवले यावर पुढे खटले झाले, पण चारा विकत घ्यायला पैसे नसलेले उंट त्या दिवशी जगाने दूरदर्शनवर पाहिले. २०१० मध्ये सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक देशात आले होते. २०११ मध्ये १ कोटीही आले नाहीत.

गिझाच्या वाटेवर एक चाल अनेक वर्षे चालली. टॅक्सी गावाजवळ हळू झाली की एखादा माणूस बॉनेटवर थाप मारून ती थांबवी, आत डोकावे आणि सांगे, प्रवेशद्वार बदलले आहे, गाड्या पुढे जात नाहीत, तिकीट इथेच मिळते. तिथे तबेला असे. २०२५ च्या एप्रिलपासून प्रवेशद्वार खरोखरच बदलले: फैयूम रस्त्यावर नवे दार झाले, आत विजेवरच्या बस फिरू लागल्या आणि उंटांना ठरावीक जागी हलवले गेले. जुन्या दाराच्या रस्त्यावर थांबणारा माणूस आता सांगतो ते खरे असते. फक्त नव्या दाराकडे जाण्याची त्याची वाट अजूनही तबेल्यावरूनच जाते.